प्रवासास निघतांना कोणतें भिंग घ्यावें?

दिवाळीची सुटी जवळ आली कीं आमच्या शाळेंतील वरच्या वर्गांत दोन विषयांची चर्चा सुरू होते. सुटींत मोटारीनें कोठें जावयाचें हा पहिला विषय. व बरोबर कॅमेरा कोणता न्यावयाचा आणि त्यास भिंग कोणतें लावावयाचें हा दुसरा. पहिल्या विषयांत आम्हां शिक्षकांस कोणी विचारीत नाहीं, व तें योग्यच आहे. दुसऱ्या विषयांत मात्र मुलें आमच्याकडे येतात, आणि अलीकडे त्यांच्या मागोमाग त्यांचे पालकही येऊं लागले आहेत. कारण भिंग निवडावयाचें मुलानें, पण त्याचे पैसे द्यावयाचे पालकांनीं, अशी ही वांटणी आहे. बाजारांत जिला लेन्स म्हणतात तिलाच आम्ही येथें भिंग म्हणत आहों. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत भिंगांवर एक सबंध धडा आहे. त्यांतील नाभीय अंतर हा शब्द ज्यांनीं परीक्षेपुरता पाठ केला असेल, त्यांस तो येथें उपयोगी पडेल.

आमचें मत असें कीं, ज्यास दुकानदार ‘वाइड अँगल’ म्हणतात तें रुंद कोनाचें भिंग हेंच सृष्टिदृश्यांचें खरें भिंग होय, हा समज पुष्कळ घरांचे पैसे वायां घालवीत आहे. हा समज कां झाला हें उघड आहे. दृश्य मोठें, तेव्हां तें सारें मावेल असें भिंग पाहिजे, असा हिशेब मुलें करितात. परंतु दृश्य चित्रांत मावणें निराळें व दृश्य चित्रांत दिसणें निराळें. भिंगावर १८, ५५, २०० असे जे आकडे कोरलेले असतात तें मिलिमीटरांत मोजलेलें नाभीय अंतर होय. आकडा जितका लहान तितका कोन रुंद. आकडा जितका मोठा तितका कोन अरुंद व दूरची वस्तु मोठी. शिकाऊ माणसाच्या बहुतेक कॅमेऱ्यांत जो सेन्सर असतो तो सुमारें २३½ मिलिमीटर रुंद व १५½ मिलिमीटर उंच असतो. पुढील सर्व हिशेब ह्याच मापास धरून केला आहे. १८ च्या भिंगांतून ह्या सेन्सरावर आडवा सुमारें ६६ अंशांचा कोन मावतो, ५५ मधून सुमारें २४ अंशांचा, व २०० मधून सात अंशांहूनही कमी.

हें पडताळून पाहण्यास जुहूच्या किनाऱ्यासारखी जागा नाहीं. येथील जमीन सपाट, वाळू सपाट, समुद्रही बहुधा सपाट. विमानांस असली जागा फार सोयीची; म्हणून तर १९२८ सालीं येथें विमानतळ झाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन येथें उतरले. कॅमेऱ्यास मात्र ही सपाटी तितकीशी मानवत नाहीं. संध्याकाळीं सूर्य समुद्रांत बुडूं लागला म्हणजे शेंकडों हात एकदम वर होतात व शेंकडों चित्रें निघतात; आणि घरीं जाऊन पाहावें तों त्या चित्रांत सूर्य म्हणून एक ठिपका, खालीं वाळूचा एक पट्टा व वर पुष्कळसें रिकामें आकाश. डोळ्यांस तर सूर्य केवढा मोठा दिसला होता! ह्यांत कॅमेऱ्यानें लबाडी केली असें नाहीं. सूर्याचें बिंब आपल्या डोळ्याशीं अवघा अर्ध्या अंशाचा कोन करतें. त्यामुळें सेन्सरावर पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारें एकशेंदहाव्या भागाइतका असतो. १८ च्या भिंगांत ही प्रतिमा मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी पडते. ५५ मध्यें अर्ध्या मिलिमीटरची. व २०० मध्यें पावणेदोन मिलिमीटरांहून थोडी अधिक. सेन्सराची उंची १५½ मिलिमीटर हें ध्यानांत घेतलें म्हणजे ठिपका कां पडला तें कोणासही कळेल. (आरशाच्या कॅमेऱ्यास लांब पल्ल्याचें भिंग लावून त्याच्या खिडकींतून सूर्याकडे कधींही पाहूं नये. डोळा कायमचा जाऊं शकतो. पडद्यावरच पाहावें, आणि तेंही बिंब क्षितिजाशीं येऊन तांबडें व मंद झाल्यावर.)

जी गोष्ट सूर्याची तीच डोंगराची. समजा, आपल्यापासून दहा किलोमीटरांवर सहाशें मीटर उंचीचा एक कडा उभा आहे. कोंकणांतून सह्याद्रीकडे पाहतांना असा प्रसंग वारंवार येतो. १८ च्या भिंगांत ह्या कड्याची प्रतिमा एक मिलिमीटरभर उंच पडते, म्हणजे चित्राच्या उंचीचा चौदावा-पंधरावा भाग. ज्या भिंतीकडे पाहून मोटारींतील सर्व मंडळी क्षणभर गप्प झाली, ती चित्रांत शेताच्या बांधाएवढी होऊन बसते. १०० च्या भिंगांत तीच भिंत सहा मिलिमीटरांची होते, व २०० मध्यें बारांची, म्हणजे चित्र बहुतेक भरून जातें. प्रत्यक्ष पाहतांना आपलें मन एकट्या कड्यावर खिळतें व आजूबाजूच्या विजेच्या तारा, धाबे, जाहिरातींच्या पाट्या ह्यांस सोडून देतें. भिंगास मन नाहीं. मनानें जें गाळलें तें चित्रांतून गाळावयाचें असेल तर कोन अरुंद करणें हाच सरळ उपाय आहे.

येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो पुस्तकांतूनही आढळतो. लांब पल्ल्याचें भिंग दूरच्या डोंगरांस एकमेकांजवळ ओढतें व रुंद कोनाचें भिंग त्यांस दूर लोटतें, असें म्हणतात. वस्तुतः जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्परांशीं प्रमाण हें आपण कोठें उभे राहतों त्यावर ठरतें. भिंग फक्त त्यांतून लहानमोठा तुकडा कापून देतें. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. जुहूच्या कोळीवाड्याजवळ होड्या ओढून ठेविलेल्या असतात. एका जागीं पाय रोवून एक चित्र १८ वर घ्यावें व एक ५५ वर. मग पहिल्याचा मधला भाग कापून दुसऱ्याएवढा करावा. होडी व तिच्यामागील माड ह्यांचें प्रमाण दोन्ही चित्रांत तेंच निघेल. फरक असेल तो सुबकतेचा. त्यानंतर १८ चें भिंग लावून होडीपासून चार हातांवर जावें. आतां होडीची नाळ आभाळास भिडलेली दिसेल व माड तिच्यामागें काडीएवढे होतील. रुंद भिंगाचा खरा उपयोग हा आहे. दूरचें पुष्कळसें एकदम घेण्याकरितां तें नसून जवळच्या एखाद्या वस्तूस मोठेपण देण्याकरितां आहे. जवळ कांहींच नसेल, तर तें रिकामी वाळू तेवढी मोठी करून दाखवितें.

मोटारीच्या प्रवासांत रस्त्याच्या कडेला उभें राहून घेतलेलें जगांतील सर्वांत प्रसिद्ध सृष्टिदृश्य कोणतें असें कोणी विचारल्यास आम्ही अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अॅडम्स ह्यांच्या हर्नांडेझ गांवच्या चंद्रोदयाचें नांव घेऊं. न्यू मेक्सिको संस्थानांत दिवसभर हिंडून, आपला आठ वर्षांचा मुलगा व एक मित्र ह्यांच्यासह ते परत येत होते. दिवस मावळत होता. रस्त्यालगतच्या लहानशा गांवांतील स्मशानाचे पांढरे क्रूस शेवटच्या उन्हांत चमकत होते, व वर काळवंडणाऱ्या आकाशांत चंद्र आला होता. त्यांनीं गाडी थांबविली आणि मोठा कॅमेरा घाईघाईनें उभा केला. प्रकाश मोजण्याचें यंत्र सांपडेना. तेव्हां चंद्राचें तेज किती असतें हें पाठ असल्यामुळें त्यावरून त्यांनीं हिशेब केला व एक चित्र घेतलें. दुसऱ्यासाठीं फिल्मची चौकट उलटीत आहेत तोंच क्रुसांवरचें ऊन गेलें. तारीख त्यांनीं टिपून ठेविली नव्हती. पुढें खगोलशास्त्रज्ञांनीं चंद्राच्या स्थितीवरून ती शोधून काढिली, व १ नोव्हेंबर १९४१ ही ती तारीख आज मानिली जाते. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ह्या हकीकतींत महत्त्वाचें आहे तें भिंग. तें २३ इंच नाभीय अंतराचें होतें, आणि फिल्म दहा इंच लांब व आठ इंच रुंद होती. हें प्रमाण आपल्या लहान सेन्सरावर उतरविलें तर पन्नास ते पंचावन्न मिलिमीटर येतें. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर दुकानदार जें १८ ते ५५ चें साधें भिंग देतो, त्याच्या लांब टोंकाचा कोन व अॅडम्स ह्यांनीं त्या संध्याकाळीं वापरलेला कोन जवळजवळ एकच! एवढें भिंग आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आधींच पडून आहे.

आपल्या मुंबईंतही ही कला नवी नाहीं. येथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, व डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळांतील आघाडीचे छायाचित्रकार होते. त्या वेळीं कांचेची तबकडी ओली असतांनाच चित्र घेऊन तें ओलेपणींच धुवावें लागे. त्यामुळें बाहेरगांवीं जावयाचें तर अंधाऱ्या खोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या व कांचा असा सारा संसार बैलगाडींत घालून न्यावा लागे. कडी फिरवून कोन बदलण्याची सोय भिंगांत नव्हती. जवळ भिंगें थोडीं, म्हणून उभें कोठें राहावयाचें ह्याचाच विचार त्या लोकांस अधिक करावा लागत असे.

गेल्या वर्षीं एक पालक आमच्याकडे आले. त्यांच्या मुलास १० ते २० मिलिमीटरचें भिंग हवें होतें. दुकानदार तें हप्त्यांनीं देण्यास तयार होता, आणि त्याच महिन्यांत धाकट्या मुलीची फी भरावयाची होती. भिंग न मिळाल्यास माळशेजच्या सहलीस येणार नाहीं, असें मुलानें घरीं सांगितलें होतें. बाप-लेक आमच्यासमोर बसले, पण एकमेकांकडे पाहत नव्हते. उपदेश करण्याची ही वेळ नव्हे असें जाणून आम्हीं मुलास मागच्या दोन प्रवासांचीं चित्रें आणावयास सांगितलें. पुष्कळांस माहीत नसतें कीं, प्रत्येक चित्राबरोबर त्या वेळचें नाभीय अंतर कॅमेरा आपण होऊन नोंदवून ठेवतो. हीं चित्रें आम्हीं तिघांनीं मिळून तपासलीं. दोनशेंहून अधिक चित्रांपैकीं तीन-चतुर्थांशांहून जास्त १८ वर घेतलेलीं होतीं, म्हणजे मुलानें भिंगाची कडी फिरविलीच नव्हती. ज्यांतील डोंगर आम्हांस ओळखूं आले अशीं चित्रें मोजकीं होतीं, व तीं बहुतेक ५५ वरचीं निघालीं. परंतु त्या मुलाचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. घाटांतील एका धबधब्याचीं सात-आठ चित्रें अशीं होतीं कीं त्यांत पाणी वरच्या बाजूस कापलें गेलें होतें. समोर धबधबा, पाठीमागें कठडा, मागें सरावयास जागा नाहीं. येथें १० किंवा १२ मिलिमीटरच पाहिजे होते. शेवटीं ठरलें तें असें कीं, तसलें भिंग दोन दिवसांपुरतें भाड्यानें आणावें, आणि सहल आटोपल्यावर विकत घेण्याचा विचार करावा. मुलगा फारसा खूष दिसला नाहीं. पण तो सहलीस गेला.

आतां तो रस्ताच घेऊं. जुहूहून पहांटे निघून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यानें पूर्वेकडे, पुढें ठाणें व कल्याण, आणि कल्याणापासून मुरबाड, टोकावडें, वैशाखरें, मोरोशी असा माळशेज घाटाचा मार्ग आहे. कल्याणापर्यंत कॅमेरा पिशवींतच असूं द्यावा. मुरबाडच्या पुढें मोकळ्या भातखाचरांपलीकडे पूर्वेस सह्याद्रीची भिंत दिसूं लागते, आणि वैशाखऱ्याच्या आसपास नाणेघाटाचा तो नानाचा अंगठा ओळखूं येतो. त्याच्याजवळ जीवधन किल्ला, व किल्ल्यापासून तुटून उभा राहिलेला वानरलिंगीचा सुळका. पुढें मोरोशीचा भैरवगड तर दगडी भिंतीसारखा एकटाच उभा. ह्या सर्वांस १०० ते २०० पर्यंतचें भिंग पाहिजे. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला डोंगर असल्यामुळें त्याच्या अंगावर आडव्या पायऱ्या असतात. रुंद भिंगांत ह्या पायऱ्या पुसून जातात, आणि लांब भिंगांत एकेक थर, थरावरचें गवत व गवताखालची काळी कातळाची पट्टी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट येते.

परंतु भिंगाइतकीच वेळही महत्त्वाची आहे. ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. सकाळीं आपण जातों तेव्हां सूर्य तिच्यामागें असतो. कडे काळे, मध्यें धुरकट हवा, आणि भिंगांत समोरचें ऊन शिरून चित्र पांढरट. दुपारीं तीन-चारच्या पुढें तेंच ऊन कड्यांवर समोरून पडतें. म्हणून जातांना फक्त जागा हेरून ठेवाव्या व चित्रें परत येतांना घ्यावीं. दिवाळीच्या सुमारास, एखादी सर पडून गेल्यावर, हवा इतकी निर्मळ असते कीं २०० चें भिंगही दूरचा कडा स्वच्छ देतें. उन्हाळ्याचें तसें नाहीं. एप्रिल-मेमध्यें दहा किलोमीटरांची धूळ व वाफ भिंगापुढें उभी असते; तेव्हां लांब भिंगानें डोंगराऐवजीं त्या धुळीचेंच मोठें चित्र मिळतें, आणि तें भिंग घरीं ठेवून गेलेलें बरें.

घाट चढूं लागल्यावर हिशेब उलटतो. कडा अंगावर येतो, धबधबा डोक्यावरून पडतो, ढग रस्त्यावर उतरतात. येथें १८ किंवा त्याहून रुंद भिंग कामास येतें. वर गेल्यावर पिंपळगांव जोगे धरणाचें पाणी व त्यापलीकडचे डोंगर ह्यांकरितां पुन्हां ५५ पासून वर. त्यांतच जर कोणी नाणेघाटाच्या अरुंद खिंडींत गेलें, तर तेथें दोन्ही बाजूंस कातळ असल्यामुळें रुंद भिंगावांचून इलाज नाहीं. सारांश काढावयाचा तर मागें सरावयास जागा आहे कीं नाहीं, एवढें विचारावें.

ह्याच ठिकाणीं पालकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. रुंद भिंग माणसास पुढें जावयास लावतें. कांठाशीं, पाण्याशीं, कठड्यापलीकडे. पावसाळ्यांत माळशेजांत दरडी कोसळतात, शेवाळलेल्या दगडांवरून माणसें घसरतात, आणि म्हणून धबधब्यांजवळ जाण्यास मनाई करणारे हुकूमही निघतात. मोटारीनें वळणावर थांबणें तर कोणत्याच ऋतूंत क्षम्य नाहीं. लांब भिंग हातीं असलें म्हणजे रुंद व सुरक्षित जागीं गाडी लावून, तेथून दोनशें पावलांवरचें दृश्य निवांतपणें घेतां येतें. आमच्या मनांत लांब भिंगाविषयीं जो पक्षपात आहे त्याचें निम्में कारण हें आहे.

छिद्राच्या आकड्यांविषयीं थोडेंच सांगतों. १९३२ सालीं अॅडम्स व त्यांच्या मित्रांनीं कॅलिफोर्नियांत एक मंडळ काढिलें व त्यास एफ ६४ असें नांव दिलें, कारण त्या अतिसूक्ष्म छिद्रानें जवळचें गवत व दूरचा डोंगर दोन्ही रेखीव येत. हें वाचून आमचे विद्यार्थी आपल्या भिंगाचें छिद्र २२ पर्यंत आंवळतात. तसें करूं नये. मोठ्या फिल्मवर जें चालतें तें लहान सेन्सरावर चालत नाहीं. सूक्ष्म छिद्रांतून जातांना प्रकाश पसरतो व सारें चित्र किंचित् मऊ होतें. ८ किंवा ११ ह्या आकड्यांवर साधें भिंगही उत्तम काम देतें. महाग भिंग व साधें भिंग ह्यांतील पुष्कळसा फरक मोठ्या छिद्राच्या वेळीं दिसतो, आणि दिवसाउजेडीं डोंगराचें चित्र घेणाऱ्यास मोठ्या छिद्राचें काम क्वचितच पडतें. त्या पैशांत बळकट तिपाई घ्यावी.

जुहूस राहणाऱ्यांनीं भिंग विकत घेण्यापूर्वीं आणखी एका गोष्टीचा विचार करावयास पाहिजे, आणि ती कोणताही दुकानदार आपण होऊन सांगत नाहीं. ती म्हणजे बुरशी. येथील हवेंत मीठ आहे, व जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धां घाम गाळतात. चामड्याच्या पेटींत घालून कपाटांत ठेविलेलें भिंग दिवाळींत बाहेर काढावें तों कांचेच्या आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरलेले असतात. वरून पुसून ते जात नाहींत. भिंग उघडून साफ करावें लागतें, आणि कांचेवरील लेप एकदां खाल्ला गेला म्हणजे तो परत येत नाहीं. हा उपद्रव वापरांतल्या भिंगापेक्षां पडून राहिलेल्या भिंगास अधिक होतो. तेव्हां ज्याच्याजवळ चार भिंगें आहेत व त्यांपैकीं तीन वर्षांतून एकदां बाहेर पडतात, त्यानें तीन भिंगें बुरशीस वाहिलीं असेंच समजावें. उपाय महाग नाहीं. घट्ट झांकणाचा डबा घ्यावा व त्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या. रंग बदलणारी जेल असेल तर रंग पालटतांच ती मंद आंचेवर तापवून पुन्हां कोरडी करावी. चामड्याची पेटी त्या डब्यांत ठेवूं नये, कारण ओल व बुरशी तिच्यांतच मुरलेली असते. आठवड्यांतून एकदां भिंग बाहेर काढून उजेडांत चार चित्रें घ्यावीं. किनाऱ्यावर वारा असतांना भिंग बदलूं नये. वाळूचा एक कण सेन्सरावर बसला तर पुढील प्रत्येक चित्रांत आकाशावर तोच डाग उमटतो. प्रवासांतही गार हवेच्या गाडींतून एकदम घाटाच्या दमट हवेंत कॅमेरा काढला तर भिंगावर दंव धरतें. गाडी थांबण्यापूर्वीं दहा-पंधरा मिनिटें थंड हवेचें यंत्र बंद करून खिडक्या उघडाव्या, एवढेंच पुरतें.

ज्या घरांत कॅमेरा नाहीं तेथील मुलांनीं खट्टू होण्याचें कारण नाहीं. फोनमधील मुख्य भिंगाचा कोन जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापानें २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपास असतो. ‘०.५’ असें जें बटण असतें तें आणखी रुंद भिंगाचें. दूरच्या डोंगरांसाठीं त्यास हात लावूं नये. पडद्यावर दोन बोटें पसरून डोंगर मोठा केला तर बहुतेक फोनांत केवळ चित्राचा मधला तुकडा कापला जातो, नवें कांहीं मिळत नाहीं. मात्र ज्यांत लांब पल्ल्याचें निराळें भिंग बसविलेलें आहे अशा फोनांत ‘३’ किंवा ‘५’ चें बटण दाबून खुशाल घ्यावें. फोनच्या भिंगावर बोटांचें तेल बसलेलें असतें, तें आधीं पुसावें. निम्मीं धुरकट चित्रें एवढ्यानें सुधारतील.

आतां भाड्याविषयीं. मुंबईंत भिंगें दिवसाच्या बोलीनें भाड्यानें मिळतात, व फोर्टांत बोराबाजारच्या बाजूस कॅमेऱ्यांच्या दुकानांत जुनीं भिंगेंही विकावयास असतात. जुनें असो कीं भाड्याचें असो, घेतांना फोनची बत्ती एका बाजूनें भिंगांत धरून दुसऱ्या बाजूनें पाहावें. बुरशीचे तंतू असतील तर तेथेंच दिसतील. कडी पहिल्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत अडखळल्याशिवाय फिरते कीं नाहीं तें पाहावें. दुकानाच्या दारांतून समोरच्या इमारतीचें एक चित्र घेऊन त्याचे चारही कोपरे पडद्यावर मोठे करून तपासावे, आणि जुने ओरखडे असतील ते दुकानदारासमक्ष कागदावर लिहून घ्यावे. एवढें सर्व विद्यार्थ्यांनीं करावें. अनामत रकमेची पावती मात्र पालकांनीं आपल्याच खिशांत ठेवावी.